चौसष्टची लाइन

सकाळचे दहा वाजून गेले होते आणि आम्ही सगळ्या मुली कानाला हेडफोन लावून नुसत्या बसलो होतो. पायाखाली पॅडल, बोटं कळफलकावर, आणि ऐकायला काही नाही. खालच्या तांबट आळीतली ठोकठोक मात्र हेडफोनमधूनही व्यवस्थित ऐकू येत होती.

"तुझ्याकडे आला का गं एखादा डॉक्टर?" शेजारून मंतशाने विचारलं.

"कुठचा येते बाप्पा," मी म्हटलं. "पायी निघाला दिसते."

एरवी माझ्या वऱ्हाडी बोलण्याला मंतशा हमखास हसायची. त्या दिवशी हसली नाही. संध्याकाळी पाचला तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

कसबा पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं, कारण वर्ध्याला माझ्या आईला ते शेवटपर्यंत समजलं नाही. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासला की त्याची हकीकत यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं फाइल होऊन तारेवरून आमच्याकडे यायचं; त्या फाइललाच आम्ही डॉक्टर म्हणायचो. आम्ही ते पायातल्या पॅडलने चालू-बंद करत ऐकून टाइप करायचं आणि तिकडची सकाळ व्हायच्या आत परत पाठवायचं. ही नव्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला अमेरिकेचं काहीतरी काम मिळत होतं, आणि मी प्राणिशास्त्राची पदवीधर, हृदयाचे कप्पे तोंडपाठ, एवढ्या भांडवलावर सुदर्शन सरांनी मला ठेवून घेतलं होतं.

तोवर आम्ही दोनच डॉक्टरांचं काम करत होतो, साध्या फोनच्या तारेला लावलेल्या मॉडेमवर. आता एका मोठ्या रुग्णालयाने आठवडाभर आठ डॉक्टर देऊन बघायचं ठरवलं होतं. जमलं तर सगळं रुग्णालय आमचं. नाही जमलं तर ऑफिस बंद, हे सरांनी आमच्यापासून लपवलं नव्हतं. ऑफिस बंद म्हणजे माझ्यापुरतं वर्ध्याचं परतीचं तिकीट, आणि तिथे मामांनी हेरून ठेवलेला कापूसदलालाचा मुलगा. त्या मुलाबद्दल माझं वाईट मत नव्हतं. मला फक्त तो नको होता.

आणि या सगळ्याची दोरी होती विजयमालाबाईंच्या हातात.

बाई मूळच्या टेलिफोनच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रंक बोर्डावर काढली होती. परगावी फोन करायचा तर आधी बुकिंग करावं लागे आणि मग बोर्डावरची बाई दोघांना जोडून देई, तेव्हाचा तो काळ. मग लोक घरबसल्या नंबर फिरवू लागले, बोर्ड बंद पडला, आणि बाईंना फॉर्म देण्याच्या खिडकीत बसवलं. तिथे त्यांचा जीव रमेना. नोकरी सोडून त्या सुदर्शन सरांकडे आल्या. तिकडून फायली उतरवायच्या, आम्हाला वाटायच्या, आमचं टायपिंग परत धाडायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच उगाच जास्त बोललो असं वाटावं.

बाईंची एक पद्धत होती. तारेची गती किती, हे त्या कुणालाच सांगत नसत. त्या थांबायचं किती तेवढंच सांगत. मॉडेम सेकंदाला किती उतरवतोय ते स्क्रीनवर दिसे. बाई त्यावरून मनातल्या मनात हिशोब करीत आणि म्हणत, "एक चहा होईल," किंवा "जेवून घ्या," किंवा "अपेक्षा, मंडईतून भाजी आण जा, सावकाश ये." आणि आमच्यातली अपेक्षा भाजी घेऊन जिना चढायची तेव्हा फाइल उतरलेली असायची. मी एकदा विचारलं, तुम्ही आकडा का नाही सांगत? म्हणाल्या, "आकडा घेऊन काय करणार आहेस? लोणचं?" पण त्यांच्या शब्दावर आम्ही बस पकडायचो, डॉक्टरांच्या वेळा घ्यायचो, गॅसवाल्याला घरी बोलवायचो. त्या ऑफिसात घड्याळापेक्षा बाईंवर जास्त विश्वास होता.

म्हणून आठ डॉक्टरांचं काम घ्यायचं की नाही, हे सरांनी बाईंनाच विचारलं होतं. मॉडेमवर शक्यच नव्हतं, नवी खास लाइन घ्यायला हवी होती. लाइनवाल्यांनी सांगितलं, चौसष्टची मिळेल. मॉडेमवर स्क्रीनवरचा आकडा चारच्या वर कधी जात नसे. बाईंनी हिशोब केला. चारावर दोन डॉक्टर जमतात, तर चौसष्टवर आठ म्हणजे हसत हसत. रोज सकाळी नऊला सुरू केलं की दहाला सगळं खाली. सर स्वतः इंजिनिअर. त्यांनीही मान डोलावली. त्याच शब्दावर मंतशाच्या घरून पाहुण्यांना पाचची वेळ दिली गेली.

आता दहा वाजून गेले होते. बाईंच्या स्क्रीनवर आठ निळ्या पट्ट्या होत्या, आठही सारख्या, आणि एकही धड आठव्या हिश्शाच्या पुढे नव्हती. बाईंनी आठही डॉक्टर एकदम सुरू केले होते. कुणाला आधी, कुणाला नंतर असं नको, प्रत्येकीला आपापला डॉक्टर एकाच वेळी मिळावा, हा त्यांचा न्याय.

सर येरझाऱ्या घालत होते. "लाइनमध्ये काहीतरी बिघाड आहे, बाई."

बाईंनी सात पट्ट्या थांबवल्या आणि एकच चालू ठेवली. ती एकदम जोर धरून पळायला लागली. बाईंनी आकडा बघितला.

"आठ," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने स्वतःशीच, "आठ आठे चौसष्ट."

मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढलेली मला दिसली.

त्यांनी लाइनवाल्यांच्या इंजिनिअरला फोन लावला. तो पुण्याचाच होता, त्यामुळे फार बोलला नाही. लाइन चौसष्टचीच आहे, व्यवस्थित चालू आहे, पण ते चौसष्ट किलोबिट. तुमचा संगणक दाखवतो ते किलोबाइट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा आठाने भागा. अजून काही?

"नाही. धन्यवाद," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मॉडेमचा आकडा त्यांनी कायम स्क्रीनवरून घेतला होता, बाइटमधला. लाइनचा आकडा घेतला विकणाऱ्याच्या तोंडून, बिटमधला. दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून त्यांनी गणित मांडलं होतं. चौसष्टची लाइन मॉडेमच्या जेमतेम दुप्पट निघाली. तासाभराचं काम आठ तासांचं झालं.

सर खुर्चीत बसले. "बिट आणि बाइट मी कॉलेजात शिकलोय. पहिल्याच वर्षी."

"तुम्हाला मी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "हिशोब माझा होता."

मग त्या उठून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आम्हाला हेडफोन काढायला सांगितले. "माझं गणित चुकलंय. दहाला येणार म्हटलं होतं ते सगळं यायला संध्याकाळ होईल. म्हणजे आजचं काम वेळेत जाणार नाही. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून घरी वेळ दिलीय त्यांनी आत्ता फोन करून घ्या. मंतशा, तू आधी."

मंतशा उठली, फोनपाशी गेली आणि पाठ करून घरी बोलली. "अम्मी, पाच बजे नहीं होगा," एवढं ऐकू आलं. सरांनी तिला जायला सांगितलं होतं, तरी ती थांबली. आमच्यात सगळ्यांत जलद हात तिचाच होता, आणि ते तिला ठाऊक होतं. पण परत आली ती बाईंकडे न बघता.

सरांनी आवाज खाली आणला. "रुग्णालयाला कळवू, रस्ता खणताना केबल तुटली म्हणून. पुण्यात रोज कुठेतरी खणतातच. कोण बघायला येतंय?"

"कळवा की," बाई म्हणाल्या. "उद्या काय कळवणार? परत तुटली?"

सर परत येरझाऱ्या घालायला लागले.

"लाइन तुटली म्हटलं तर ते विचारतील, जोडली का. जोडली म्हटलं तर उद्या काम वेळेत मागतील. मला त्यांची मदत हवी आहे, ती खोटं बोलून कशी मागू? मीच बोलते."

तिकडे रेकॉर्ड विभागात रात्रपाळीला डॉरिस नावाची कुणी बाई असायची. विजयमालाबाईंचं इंग्रजी ट्रंक बोर्डावरचं, मोजकं आणि स्वच्छ. त्यांनी डॉरिसला सरळ सांगितलं की गती मोजण्यात माझी चूक झाली, आजचं काम उशिरा येईल. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. बाई नुसत्या "येस मॅडम" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आजचा उशीर त्यांनी धरलाय. पुन्हा झाला तर काम दुसरीकडे देणार."

त्या दिवशी शेवटचा डॉक्टर टाइप होऊन गेला तेव्हा तिकडचे डॉक्टर कामावर येऊन बसलेले होते.

संध्याकाळी निघताना बाई मला म्हणाल्या, "नंदा, मंतशाचं घर दाखव." मी म्हटलं, राहू द्या ना बाई, उद्या बोला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी चप्पल घालून पुढे झाले.

मंतशाचं घर कसब्यातच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. खाली वडील शमशुद्दीन यांचं दुकान, वर बिऱ्हाड. ते मंडईतल्या भाजीवाल्यांचे तराजू दुरुस्त करायचे. पाहुणे तासभर बसून, चहा पिऊन निघून गेले होते. मंतशा आम्हाला बघून दारातच थबकली आणि आत गेली. शमशुद्दीन काट्यावर वाकले होते, त्यांनी मान वर केली.

"मी विजयमाला. तुमच्या मुलीला आज उशीर झाला तो माझ्यामुळे. तिच्याकडून काही चुकलं नाही. पाहुण्यांकडे मी स्वतः जाऊन हे सांगायला तयार आहे."

"असं काय चुकलं हो, बाई?"

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. माप वेगळं होतं, मी एकच धरलं, आठपट फरक पडला. शमशुद्दीन ऐकत राहिले. मग म्हणाले, "शेर जाऊन किलो आले ना, तेव्हा माझे वडील ह्याच दुकानात बसायचे. शेराच्या भावाने किलो विकून बसलेले लोक त्यांच्याकडे यायचे, तराजू खराब आहे म्हणून भांडायला. तराजू चांगलाच असायचा. पण माझंच चुकलं म्हणून सांगायला कुणी आलेलं मला तरी आठवत नाही." त्यांनी फडक्याने स्टूल पुसलं आणि वर बायकोला हाक दिली. "बसा. शकीला, दोन चहा. पाहुण्यांकडे तुम्ही जाऊ नका, ते आमचं आम्ही बघू."

चहा झाला. मंतशा काही बाहेर आली नाही.

परतीच्या वाटेवर बाई पुन्हा हिशोब मांडू लागल्या. "डॉक्टर एक मिनिट बोलला की ते यायला एक मिनिट लागतं. बघितलंस का तू? म्हणजे ही लाइन म्हणजे एक ट्रंक कॉल आहे. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. आणि मी आठ जणांना एकदम बोलायला लावलं. बोर्डावर कुणी असं केलं असतं तर मी तिला उठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा बाई पहाटेच येऊन बसलेल्या होत्या. सरांनी रात्रभरात एक उपाय शोधला होता, आवाज दाबून फाइल लहान करण्याचा. बाईंनी ती मंतशाला ऐकायला दिली. मंतशा म्हणाली, "औषधांची नावं कळत नाहीत, सर. नुसती फुसफुस येते." तो विषय तिथेच संपला. औषधाचं नाव अंदाजाने टाइप करणं आमच्यापैकी कुणालाच मान्य नव्हतं.

बाईंनी डॉरिसला फोन केला. डॉक्टरांचं दिवसभराचं बोलणं एकाच लांब फाइलमध्ये येत होतं, ते रोग्यागणिक वेगळं करून द्या, अशी त्यांची मागणी होती. ज्याचं सकाळी ऑपरेशन आहे तो रोगी आधी, जो घरी जाणार तो त्याच्यामागे, बाकीचे नंतर. ट्रंकला अर्जंट कॉल आणि साधा कॉल असत, तसं. डॉरिसने साहजिकच कुरकुर केली, तिला ते जास्तीचं काम होतं. बाई म्हणाल्या, तुमच्या चहाची वेळ सांगा, त्या वेळी मी काही मागणार नाही. पलीकडून पहिल्यांदाच हसल्याचा आवाज आला.

मग एकामागून एक रोगी येऊ लागले. आता आम्ही अख्ख्या डॉक्टरची वाट बघत नव्हतो. पहिला रोगी उतरला की तो अपेक्षाला, पुढचा मला, त्यापुढचा मंतशाला. ऐकायला एक मिनिट असलं तरी टाइप करायला तीन-चार लागतात, त्यामुळे पहिलीचा हात मोकळा होईपर्यंत तिचा पुढचा रोगी हजर असे. लाइन तीच होती, तेवढीच हळू. पण आमच्यापैकी कुणीच रिकामी बसत नव्हती. बाई खुर्चीवरून हलत नव्हत्या. कुणाचा हात जलद, कुणाला हृदयाचं चांगलं जमतं, कुणाला हाडांचं, हे त्यांच्या डोक्यात होतं. माणसांची अशी सांगड घालणारं दुसरं कुणी मी आजतागायत बघितलेलं नाही. त्या दिवशीचं काम वेळेच्या आत गेलं. त्यापुढच्या दिवशीचंही.

फक्त एक गोष्ट बदलली होती. बाईंना आता कुणी वेळ विचारत नव्हतं. आम्ही आपापसात अंदाज करायचो, सरांच्या स्क्रीनवर डोकावून यायचो. बाई जवळून गेल्या की विषय बदलायचो. मुद्दाम नाही, पण करायचो. बाईंनाही ते कळत होतं. त्या पूर्वीसारख्या "एक चहा होईल" म्हणेनाशा झाल्या. काम टिकलं तरी त्यांचं ते एक गेलं होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

गुरुवारी दुपारी डबे उघडले होते. मंतशा आपला डबा तसाच ठेवून बाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, पाहुण्यांचा निरोप आलाय. उद्या पाचला येऊ का विचारतात. काय सांगू?"

आमचे घास हातातच राहिले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उद्या किती डॉक्टर, किती वेळ बोलणारे, हे डॉरिसने कळवलेलं त्यांनी पुन्हा वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मंतशा उभीच होती.

"पाचला जमेल," बाई म्हणाल्या. "पण तू साडेपाच सांग."

"बरं," म्हणून मंतशा फोनपाशी गेली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत घरी साडेपाचची वेळ दिली. परत येऊन तिने बाईंच्याच टेबलावर डबा उघडला.

शुक्रवारी ती पाचला जिना उतरली. शनिवारी रुग्णालयाचा होकार आला. मी वर्ध्याला कळवून टाकलं की दलालाच्या मुलाला माझ्यासाठी थांबवू नका.

दोन वर्षं त्या लाइनवर आमचं ऑफिस चाललं. ऑफिसच्या दोन्ही खोल्या मुलींनी भरल्या, शेजारची तिसरी घेतली. मग लाइनवाले नवीन माप घेऊन आले, दोन मेगा. सरांनी पुन्हा बाईंनाच विचारलं, घ्यायची का. त्या वेळी मी तिथेच होते.

बाईंनी आधी विचारलं, "बिट की बाइट?" बिट, असं कळल्यावर आठाने भागलं, मोठ्याने, सरांना ऐकू जाईल असं. मग म्हणाल्या, "बत्तीस डॉक्टर एकदम बोलू शकतील. त्यांचं बोलून होईपर्यंत इकडे आलेलंही असेल. कुणाला वाट बघावी लागणार नाही. घ्या."

सर जरा अडखळले. "मग तुम्ही काय कराल?"

"ते गणित वेगळं आहे. ते माझं मला करू द्या."

लाइन सुरू झाली त्या सकाळी आम्ही आलो तर सगळे डॉक्टर आधीच आमच्या संगणकांवर येऊन बसलेले होते. मुलींनी हेडफोन चढवले आणि कामाला लागल्या. नव्या मुलींना तर यात काही विशेष आहे हेही कळलं नाही. बाई आपल्या टेबलापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढत मंतशाच्या शेजारी आल्या. मंतशाचं तोवर त्याच पाहुण्यांकडे लग्न झालं होतं, ती आता नाना पेठेतून यायची.

"मला एखादा डॉक्टर दे," बाई म्हणाल्या. "सोपा असेल तो. टायपिंग मला हळू येतं, ते तुला सांभाळून घ्यावं लागेल."

मंतशाने त्यांच्या पायाखाली पॅडल सरकवलं, हेडफोन त्यांच्या अंबाड्यावरून नीट बसवला. बाई म्हणाल्या, "बोर्डावर दोघांना जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, असा नियम होता. एवढ्या लोकांचं बोलणं माझ्या हातून गेलं, पण आत काय बोलतात ते मी कधी ऐकलं नाही."

त्यांनी पॅडल दाबलं. तिकडच्या कुण्या म्हातारीच्या गुडघ्याची हकीकत होती. बाई डोळे बारीक करून ऐकत होत्या. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी पाय उचलला, तसा डॉक्टर थांबला. त्यांनी एकेक अक्षर शोधत पहिलं वाक्य टाइप केलं, ते पुन्हा वाचून बघितलं, आणि मग पाय ठेवून त्याला पुढे बोलू दिलं.